पुढची तारीख

प्रिय मुला,

तुझा मेसेज रात्री पावणेतीनला आला होता. मी सकाळी सहाला पाहिला आणि लगेच फोन लावला. दहा मिनिटांत तू चार वेळा म्हणालास, "मॅडम, मला कळायला हवं होतं." तेव्हा मी एवढंच सांगितलं की आधी पोटात काहीतरी घाल, आज राउंडला जाऊ नकोस, तुझ्या युनिटच्या सरांशी मी बोलते. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. आज रविवार, क्लिनिक बंद, म्हणून लिहायला बसले आहे.

24 वर्षांचा मुलगा, तीन वर्षांपासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देणारा. 16 दिवस तुझ्या मनोविकार वॉर्डात होता. औषधं लागू पडत होती, झोप सुधारली होती. डिस्चार्जच्या दिवशी "सर, येतो" म्हणत तुझा हात हातात घेऊन गेला, आणि नवव्या दिवशी भावाचा फोन आला, त्याने जीव दिला म्हणून. आता तू त्या "सर, येतो"चा कीस पाडत बसला आहेस. आवाजात काही होतं का, डोळ्यांत काही होतं का.

असलं तरी तुला कळलं नसतं. हे तुझं मन राखायला म्हणत नाही. 1983 मध्ये पोकॉर्नी यांनी 4,800 रुग्णांचा अभ्यास मांडला. कोण आत्महत्या करेल हे आधी ओळखता येतं का, एवढाच प्रश्न होता. धोका जास्त म्हणून निवडलेले बहुतेक सगळे जिवंत राहिले, आणि धोका कमी म्हणून सोडलेल्यांतलेही काही गेले. त्यानंतर 2017 मध्ये पन्नास वर्षांतले 365 अभ्यास एकत्र करून कुणीतरी पुन्हा तोच हिशेब मांडला. उत्तर असं आलं, की आपले अंदाज छापा-काटा करण्यापेक्षा जेमतेम बरे आहेत. वाचलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग उलट हलकं वाटलं, कारण आयुष्यभर जे जमलं नाही म्हणून स्वतःला कोसत होते, ते कुणालाच जमत नव्हतं.

कोण जाणार हे आपल्याला सांगता येत नाही. पण धोका कधी जास्त असतो, हे बऱ्यापैकी माहीत आहे. वॉर्डातून घरी गेल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पहिले तीन महिने. घरी जाताना माणूस पूर्ण बरा झालेला नसतो. अंगात थोडी ताकद आलेली असते, मन मात्र अजून तिथेच असतं. बाहेर तीच खोली, तीच कर्जं, तीच माणसं. वॉर्डात रात्री दोनदा सिस्टर डोकावून जायची, खोलीवर कुणी डोकावत नाही.

तू लिहिलंस की त्याची फॉलोअपची तारीख एक महिन्यानंतरची होती. ती तू ठरवलेली नव्हतीस, तुमच्याकडे सगळ्यांना महिन्याचीच मिळते. मला विचारशील तर या सगळ्यात बदलण्यासारखी गोष्ट ही एक आहे. त्याच्या आवाजात काय होतं ते शोधत बसू नकोस. त्या महिन्यातल्या पहिल्या आठ दिवसांत त्याला कोण भेटणार होतं, हे विचार. सात दिवसांच्या आतली तारीख दिली असती तर तो वाचला असता असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच माहीत नाही, आणि ते तुझ्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस.

माझ्या हातून काय राहिलं ते सांगते. 1994 च्या सुमाराची गोष्ट. मी नुकतीच लेक्चरर झाले होते. तिशीतली एक बाई, दोन लेकरांची आई, जीव द्यायचा प्रयत्न केल्यावर आमच्याकडे दाखल झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी खाट रिकामी हवी होती म्हणून तिला घरी सोडलं. केसपेपर तिच्या भावाच्या हातात देत मी म्हणाले, "काही वाटलं तर या." तीन आठवड्यांनी तोच भाऊ आला, दाखला मागायला. मला ओळखलं त्याने. रागावला नाही. फक्त म्हणाला, "ती म्हणायची, डॉक्टरबाईंना किती त्रास द्यायचा."

हे वाक्य मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. ज्या माणसाला आपण सगळ्यांना ओझं झालोय असं वाटतंय, त्यालाच मी सांगितलं होतं की गरज पडली तर तू उठून ये, बस पकड, रांगेत उभी राहा आणि मला त्रास दे. यायची सगळी जबाबदारी मी तिच्यावर टाकली होती. तेवढी ताकद तिच्याकडे असती तर ती माझ्या वॉर्डात आलीच नसती.

त्या आठवड्यात मी अप्पा बळवंत चौकातून एक लांबट, लाल पुठ्ठ्याची वही आणली. प्रयत्न करून दाखल झालेल्या प्रत्येकाचं नाव, घरी सोडल्याची तारीख, आणि त्यापुढे माझ्या भेटीच्या तारखा. भेटायला ते आले नाहीत तर मी गाठायचं. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर असायचा, तोही पेशंटला विचारूनच लिहायचा, कारण शेजाऱ्याला काय कळलं पाहिजे आणि काय नाही हे ठरवायचा हक्क त्याचाच. ज्यांचा नंबर नाही त्यांना पत्र. पोस्टकार्ड नाही, आंतरदेशीय, कारण वाड्यात पोस्टकार्ड सगळे वाचतात. पत्रात उपदेश नसायचा. "तुमची आठवण आली. झोप कशी आहे? गुरुवारी मी ओपीडीत आहे, अकराला वाट बघते." बस.

सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने हेच कितीतरी आधी आणि पद्धतशीर केलं होतं, ते मला फार नंतर समजलं. पुढचे उपचार नाकारलेल्या 843 जणांपैकी निम्म्यांना तो पाच वर्षं छोटी पत्रं पाठवत राहिला. त्या पत्रांत काही मागितलेलं नव्हतं, फक्त विचारपूस. पहिली दोन वर्षं तरी पत्र मिळणाऱ्यांत मृत्यू कमी झाले.

आपल्या जवळचा पुरावा हवा असेल तर 2008 चा जागतिक आरोग्य संघटनेचा अभ्यास वाच. पाच ठिकाणं होती, त्यांत चेन्नई आणि कोलंबोही. प्रयत्न करून तातडीच्या विभागात आलेले 1,867 लोक. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना नेहमीचे उपचार, शिवाय घरी जाण्यापूर्वी एक तास बसून बोलणं, आणि पुढच्या 18 महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. ही कामं करायला डॉक्टरच हवा असंही नव्हतं. 18 महिन्यांनी पहिल्या गटात 2.2 टक्के लोक आत्महत्येने गेले होते, दुसऱ्या गटात 0.2 टक्के. महागडं औषध नाही, यंत्र नाही, नऊ वेळा कुणीतरी विचारलं. मी हे आकडे दर वर्षी नव्या रेसिडेंट्सना फळ्यावर लिहून दाखवते आणि दर वर्षी लिहिताना मला भरून येतं.

विचारायचं कसं, हे तू इंटर्न असताना मला विचारलं होतंस. तेव्हा घाईत होते, नीट सांगितलं नाही. नातेवाइकांना बाहेर बसव. खुर्ची पलंगाजवळ ओढ, उभ्याने विचारू नकोस. झोपेपासून सुरू कर. मग "कधी जीव नकोसा होतो का?", "सकाळी उठूच नये असं वाटतं का?" आणि मग सरळ, "जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का?" घरोघरी याच शब्दांत बोलतात, त्यामुळे समोरच्याला आपण त्याच्याच भाषेत बोलतोय असं वाटतं. "तसलं काही मनात नाही ना?" असं कधीही विचारू नकोस. त्या "ना"मध्ये आपण त्याला उत्तर देऊन टाकतो. विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, यावर पुरेसा अभ्यास झालेला आहे. आणि विचारून झाल्यावर गप्प राहा. सगळ्यात अवघड तेच आहे.

कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ होते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे. बायको जाऊन पाच महिने झालेले, मुलगी परदेशातून महिनाभर आलेली. तीच घेऊन आली होती, "बाबा जेवत नाहीत" म्हणून. ते अगदी व्यवस्थित, इस्त्रीचा शर्ट, सगळ्या प्रश्नांना "छान आहे" हे उत्तर. मुलीला मी बाहेर पाठवलं. त्यांनी खिशातून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि हाताने सरळ केला. बँकेची पासबुकं कुठल्या कप्प्यात, विम्याचे कागद कुठे, गॅसचं कार्ड कुठे, दूधवाल्याचे किती द्यायचे. अक्षर मोत्यासारखं. म्हणाले, "मुलगी परत जायच्या आत तिला हे समजावून ठेवायचंय." मी विचारलं, "ती गेल्यावर तुम्ही काय करायचं ठरवलंय?" ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग म्हणाले, "हे तुम्ही पहिल्यांदा विचारलंत."

त्या दिवशी मुलीला आत बोलावून, त्यांच्या परवानगीने, तिघांनी मिळून बोललो. तिकीट पुढे ढकललं गेलं. पुढे ते दर मंगळवारी येत. मग महिन्यातून एकदा, मग सणासुदीला. अकरा वर्षं आले. 84 व्या वर्षी हृदयविकाराने गेले, मुलगी जवळ होती.

माणसाला मरायचंच असतं असं फार क्वचित असतं. त्याला ते दुखणं थांबवायचं असतं. ऐन वेळी रोखलेल्या 515 जणांचं पुढे काय झालं, याचा 1978 मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला. त्यांतले दहापैकी नऊहून अधिक जण वर्षानुवर्षांनंतरही जिवंत होते किंवा नैसर्गिक मरणाने गेले होते. ती लाट येते आणि ओसरते. लाट असेपर्यंत हाताशी काय आहे आणि जवळ कोण आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

तुझं गाव परभणीकडचं. तुझ्या घरीही फवारणीचं सामान असतं, म्हणून हे तुला जास्त कळेल. श्रीलंकेत 1995 नंतर अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली. दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला. माणसांची दुःखं निम्मी झाली नव्हती. रागाच्या, हताशपणाच्या त्या तासाभरात जीवघेणी वस्तू हाताशी राहिली नाही. म्हणून घरी सोडताना नातेवाइकांशी ही एक गोष्ट स्पष्ट बोल. घरात, गोठ्यात, कपाटात जे धोक्याचं आहे ते कुलपात किंवा घराबाहेर. औषधंही आठवड्याचीच दे, महिन्याचा साठा नको. नातेवाईक कानकोंडे होतात, "तसं काही करायचा नाही हो तो" म्हणतात. तरीही बोल.

दुसरी गोष्ट, घरी जाताना त्याच्या हातात एक कार्ड असू दे, त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. बिघडायला लागलं की मला आधी काय होतं, मी एकटा काय करू शकतो, कुणाजवळ जाऊन बसू शकतो, कुणाला सांगू शकतो, शेवटी कुणाला फोन. 2018 च्या एका अभ्यासात असा आराखडा आणि पाठोपाठ फोन मिळालेल्यांत पुढच्या सहा महिन्यांतलं आत्मघाती वर्तन 45 टक्क्यांनी कमी दिसलं. पण तो त्याच्याच शब्दांत हवा. माझ्याकडे नारायण पेठेत राहणारा एक मुलगा होता, मुख्य परीक्षा तीन गुणांनी हुकलेला. "कुणाजवळ जाऊन बसू शकतोस?" यावर त्याला कुणीच सुचेना. मित्र सगळे त्याच परीक्षेतले, घरी तोंड दाखवायचं नाही. दहा मिनिटांनी म्हणाला, "मेसच्या काकू." त्याने कार्डावर लिहिलं: "काकूंकडे जाऊन पोळ्यांना तूप लावणे." मी त्याच्यासमोर काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पाठवा की, मला तरी कुठे माणूस मिळतंय." आज तो तलाठी आहे. कार्डाच्या तळाशी 14416 लिहायला सांगितलं होतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा हा नंबर ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. तो तुझ्या मोबाइलमध्येही असू दे.

"मी आत्महत्या करणार नाही" असं लिहून त्याखाली सही मात्र कुणाकडून घेऊ नकोस. त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही. त्याने शांत झोप लागते ती डॉक्टरला.

केसपेपरवर काय लिहितोस त्याकडेही लक्ष दे. "अयशस्वी प्रयत्न" लिहू नकोस. तो माणूस जगला, यात अपयश कुठलं? "लक्ष वेधून घेण्यासाठी" हे तर कॅज्युअल्टीतून येणाऱ्या कागदावर मी इतक्यांदा वाचलंय. लक्ष वेधून घ्यायला कुणाला जीव पणाला लावावा लागत असेल, तर त्याच्याकडे आधीच लक्ष द्यायला हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

पोलिसांच्या भीतीने घरचे खोटं सांगतात, "घसरून पडला", "चुकून झालं". त्यांच्यावर चिडू नकोस. आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणाऱ्या कलम 309 च्या भीतीत कित्येक दशकं गेली आहेत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 ने प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानायला सांगितलं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. आपल्याच पुण्यात, आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्रातल्या लोकांनी या कायद्याच्या घडणीत मोठं काम केलं आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं 309 आता नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतं एक कलम तेवढं उरलं आहे. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद करावी लागते ती कर. पण घरच्यांना दोन मिनिटं बाजूला घेऊन हे समजावून सांग, बघ त्यांचे खांदे कसे खाली येतात.

2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या 22,746 आपल्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. एवढ्या माणसांचं दुःख आपल्या ओपीडीत मावणारं नाही. कर्ज, दारू, घरातली मारहाण, परीक्षेत निघून गेलेलं वय, यांवर माझ्याकडे गोळी नाही. म्हणून दारू असेल तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाठव आणि तो पोचला का ते विचार. सोशल वर्करशी मैत्री ठेव. त्या मेसच्या काकूंसारखी माणसं शोधत राहा. पण जिथे उदासीनता आहे, तिथे औषध मनापासून आणि पुरेशा मात्रेत दे, "मन घट्ट करा" सांगून परत पाठवू नकोस.

आता तुझ्याविषयी. या शाखेत राहू की सोडू, असं तू विचारलंस. या महिन्यात ते ठरवू नकोस. राहिलास तर असा दिवस पुन्हा येईल, ते मी लपवणार नाही. माझ्यावर तो सात वेळा आला. सातही जणांची नावं मला पाठ आहेत. त्या प्रत्येक वेळी कुणीतरी माझ्याजवळ बसलं होतं, म्हणून मी आठवी ओपीडी करू शकले. पावणेतीनला तू मला मेसेज केलास, ते योग्य केलंस.

पण पावणेतीनला तू जागा होतास. म्हणून तुलाही तेच प्रश्न, त्याच क्रमाने. झोप किती दिवस नाही? जेवण? जीव नकोसा होतोय का? जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतंय का? डॉक्टरला हे विचारायचं नसतं असं समजून आपल्यातली कितीतरी चांगली मुलं-मुली आपण गमावली आहेत, म्हणून मी विचारते आहे. उत्तर लिहून पाठवू नकोस. रात्री नऊला मी फोन करते, तेव्हा सांग. जे असेल ते.

तुझी,
मॅडम

ता. क. भावाचा नंबर केसपेपरवर आहे म्हणालास. तुझ्या सरांना मी सांगितलं आहे, त्यांची हरकत नाही. मंगळवारी दुपारी तीनला माझ्या क्लिनिकवर ये, आपण दोघं मिळून फोन लावू. तू स्पष्टीकरण द्यायचं नाहीस, त्यांचं ऐकायचं आणि मुलाचं नाव घेऊन बोलायचं. आईला भेटायचं असेल तर तेराव्यानंतर जाऊ, मी बरोबर येईन. आणि तुझ्या वॉर्डातून या आठवड्यात घरी गेलेल्यांची यादी घेऊन ये. लाल वही तुझ्यासाठी आणून ठेवली आहे.